दात पाहून मुलूख ओळखणारे काका

आमच्या मावशीच्या यजमानांइतका लोकांच्या तोंडात पाहणारा माणूस, दातांचे डॉक्टर सोडले, तर साऱ्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. लोक कपाळ पाहतात, तळहात पाहतात. आमचे काका दाढा पाहत. केजच्या स्टँडवर शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने जांभई दिली की काकांची मान आपोआप तिकडे वळे, आणि जांभई मिटायच्या आत त्याचं गाव कोरडवाहू की बागायती हे त्यांनी ठरवलेलं असे. पैसा आला की माणूस आधी पोटभर खातो, मग अंगावर घालतो, मग घर बांधतो, आणि एवढं होऊनही पैसा उरला तरच दाढ भरून घेतो. दुखली की उपटून टाकणं ही गरिबाची रीत, असा त्यांचा सिद्धांत. "माझ्या आज्याच्या वक्ताला पुण्याकडचे म्हातारे बी बोळके आन आपले बी बोळके," ते सांगत. "हिसाब बरोबर होता. मग तिकडं कॅनॉल आला, कारखाने आले, बँका आल्या. त्यांचे दात तोंडात ऱ्हायले. आपली माणसं तिकडंच ऊस तोडायला गेली आन आपलं बोळकं घेऊन माघारी आली."

सिद्धांत नेहमी खरा ठरे असं मुळीच नाही. दिंद्रुडच्या एका लग्नात एका आजोबांची पांढरीशुभ्र बत्तिशी पाहून काका भारावले, आणि या घरात डोळे झाकून मुलगी द्यावी असं चारचौघांत जाहीर करून बसले. पंगत बसली तशी आजोबांनी कवळी काढून रुमालात बांधली आणि शांतपणे म्हणाले, "भावाची हाय. लग्नापुरती आणलीय."

तरीही मी त्यांना हसू शकत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. बारावीनंतर मला हाताला धरून पुण्याला नेलं ते काकांनीच. कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म घेणाऱ्या शिपायाशी दोन विनोद करून त्यांनी त्याला खळखळून हसवलं, आणि माझ्या कानात म्हणाले, "हितं शिपायाची बी दाढ भरलेली हाय. हितंच शीक." मी शिकलो, तिथेच नोकरीला लागलो. ते नसते तर आज कुठे असतो, याचा विचार मी सहसा करत नाही.

अशा माणसाच्या मुलीला थेट त्या बागायती पट्ट्यातून स्थळ आलं, तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं व्हायला हवं होतं. तिकडे मुली मिळेनात, म्हणून मोठमोठी घराणी आमच्याकडे सोयरीक शोधत येऊ लागली होती. मुलगा देखणा, मुलगी पसंत. मुलाचे वडील म्हणाले होते, "पाव्हणं, आम्हाला एक रुपया नको. मुलगी आन नारळ द्या." आता फक्त आम्ही जाऊन घर पाहायचं होतं. निघताना मावशीने काकांना बजावलं, "कुणालाबी आ करायला लावलं तर पोरीची शपथ हाय तुमाला." आणि माझी मावसबहीण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, सांभाळ त्यांना. मला ते घर पायजे. तिथं नळाला दिवसभर पाणी हाय." लहानपणापासून टँकरमागे कळशी घेऊन धावलेली पोर ती. 

भाड्याच्या जीपने आम्ही तिकडे पोहोचलो. दोन मजली बंगला, दारात ट्रॅक्टर, गोठ्यातसुद्धा पंखे. काकांनी कशालाच मान हलवली नाही. फक्त गोठ्यात शिरले आणि एका गाईचं तोंड उघडून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. "सोयरीक गाईशी करायची काय पाव्हणं?" मुलाचे वडील मोठ्याने हसले. हसताना त्यांची सोन्याची दाढ चमकली. काकाही हसले, आणि माझ्या जिवात जीव आला.

मग बैठकीत थोरली सून चहा घेऊन आली. काकांनी सहज विचारलं, "कोणच्या गावची गं माय तू?"

"तलवाड्याची."

"आँ? मंग आपलीच की!"

आपल्याकडची बोली ऐकून ती हसली. दोन्ही हात ट्रेला गुंतले होते, त्यामुळे तोंडावर पदर घ्यायला तिला वेळ मिळाला नाही. एका बाजूच्या दाढा नव्हत्याच. माझ्याहून लहान असेल ती.

"कधी पडल्या गं?"

तिने सासऱ्याकडे पाहिलं. "बाळंतपणानंतर किडल्या," ती पुटपुटली. "ऊस कारखान्याला गेला की दवाखान्यात नेऊ म्हणले होते."

"मंग ऊस गेला न्हाई का?"

"दरसाल जातो की," ती म्हणाली, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

काकांनी चहा संपवला, हात जोडले. "घर लई मोठं हाय तुमचं. पण आमचं न्हाई जमत."

"कावून? का न्हाई जमत?" मुलाच्या वडिलांऐवजी मीच ओरडलो. काका उत्तर न देता जीपकडे चालू लागले.

घरी आल्यावर त्यांनी जे पाहिलं ते मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि एकदम रडत म्हणाली, "मी दोनदा ब्रश करते, बाबा! माझे न्हाई पडणार!" सारा उन्हाळा ती टँकरचं पाणी भरत राहिली आणि बापाशी एक शब्द बोलली नाही.

दिवाळीला गेलो तर काका अंगणात बसलेले. शेजारचे म्हातारे जांभया देत होते. काका बघतसुद्धा नव्हते. हातातली कपबशी तशीच होती. मला म्हणाले, "आपली पोरगी न्हाई दिली रं. ती तलवाड्याची मात्र तिथंच ऱ्हायली." मग त्यांनी विचारलं, "दिवाळीला माहेराला धाडली असंल का तिला?"

मावसबहीण रांगोळी घालत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

"आली असंल, बाबा," ती म्हणाली. "चहा घ्या तुमी. गार व्हायलाय."