दार्सैतमधली अवरक्त दुर्बीण

लेक नववीत असताना इथे आखातात, दार्सैतमधल्या आम्हा मराठी लोकांनी मुलांसाठी विज्ञानावर भाषणस्पर्धा ठेवली. अट एकच, इंग्रजी शब्द वापरायचा नाही. आदल्या वर्षी ती व्यासपीठावर "मी शाळेत जातो" म्हणाली होती आणि हॉल हसला होता.

"या वेळी हसले ना, तर मी मराठी बंद. घरीपण," तिने मला बजावलं. हट्टी आहे, माझ्यासारखीच. तिने ते खरं केलं असतं.

विषय तिचाच: दक्षिण ध्रुवाकडे अवरक्त दुर्बिणी लावून दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह अभ्यासायचे. 'इन्फ्रारेड'ला 'अवरक्त' हा शब्द मी कोशातून काढून दिला आणि तिथेच फसले.

"रक्त?" पहिल्या रांगेतले रत्नागिरीचे चाचा ओरडले. त्यांचा शेजारच्या रुवीत मासळीचा धंदा. "ग्रहाला रक्त कुठलं गो?"

हॉल हसला. मी उठणारच होते, तेवढ्यात ती खाली उतरली, भिंतीपाशी गेली आणि तिने एसी बंद केला. जून महिना!

"काय करतेस? यल्ला, चल, लाव तो!"

"एक मिनिट, चाचा. आता ऐका."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. वर्षानुवर्षं त्या हॉलमध्ये येतोय, कुणी ते ऐकलं नव्हतं.

"हा आधीपण चालू होता. एसीच्या आवाजात कळला नाही. अवरक्त म्हणजे उष्णतेचे किरण, डोळ्याला न दिसणारे. इथे हवा गरम, दमट. दुर्बीणपण गरम. सगळ्यांचाच आवाज! ध्रुवावर हवा थंड, कोरडी. म्हणजे तिकडे एसीचा आवाज बंद. मग ग्रहाची टिकटिक सापडते!"

मानेवरून घाम ओघळत होता आणि मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. एसी लावा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग परीक्षक म्हणाले, "एसी हा इंग्रजी शब्द. स्पर्धक बाद."

चाचा वळले. "मग मराठीत काय म्हणायचं त्याला? सांगा, यल्ला."

"वाता... वातानु..." परीक्षक अडकले. हॉल पुन्हा हसला, या वेळी त्यांना.

बक्षीस मिळालं नाही. परतताना टॅक्सीत ती सारखी बोलत होती, मराठीत: दुर्बीण कसा बसवतात, बर्फ कुठे लागतो, हिवाळ्यात तिकडे कोण राहते. वाक्यागणिक चूक. मी एकही दुरुस्त केली नाही. उलट विचारलं, "मग तो दुर्बीण केवढा असतो?"