अकरा महिन्यांचं गुपित

गल्लीत तिला सगळे चेनवाली ताई म्हणत. पँटची उंची कमी करायची असो की दप्तराची तुटलेली चेन बदलायची असो, लोक तिच्याच दाराशी येत. नवरा छापखान्यात बाइंडर. पुस्तकांच्या पाठी शिवायच्या, खळ लावायची, कडा कापून सारख्या करायच्या आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, असा त्याचा खाक्या. नाद म्हणाल तर एकच. दर शनिवारी लॉटरीचं एक तिकीट.

"अहो, तुमचं नशीब एवढं जोरावर असतं तर मी तुमच्या गळ्यात पडले असते का?" ती म्हणायची. तो नुसता हसायचा.

मग एका शनिवारी त्याने तिकीट आणलं नाही. पुढच्याही शनिवारी नाही. उशिरा का होईना अक्कल आली, असं तिने धाकट्या बहिणीला कौतुकाने सांगितलंही.

त्यानंतर दोन महिन्यांनी बहिणीला एका डोळ्याने अर्धवट दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा. खासगी दवाखान्याचा खर्च दोघी बहिणींच्या आवाक्याबाहेरचा होता. बहिणीला मागेपुढे कोणी नव्हतं. ताईने शिलाई मशीन विकून टाकलं, तरी निम्मेही पैसे जमले नाहीत. शेवटी सरकारी दवाखान्यात नाव घातलं. नंबर लागायला पाच आठवडे गेले. ऑपरेशन झालं, पण डोळा गेला तो गेलाच. ताई तेव्हापासून एका कपड्यांच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसू लागली.

दुकानाला सुट्टी होती त्या एका दुपारी पोस्टमनने बँकेचं पाकीट आणून दिलं. घरातले कागद तीच बघायची, म्हणून तिने ते उघडलं. नवऱ्याच्या नावावरच्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. आकड्यावर बोट ठेवून तिने एकं, दहं, शतं केलं. पुन्हा केलं. बँकेने कोणाचं तरी पत्र आपल्या गळ्यात मारलंय, उद्या नसतं झेंगट नको, म्हणून ती चप्पल अडकवून बँकेत गेली.

"चूक नाहीये बाई," काउंटरवरचा क्लार्क म्हणाला, "लॉटरीचे पैसे ना हे? मीच तर फॉर्म भरून घेतला होता." मग तिचा चेहरा बघून त्याने जीभ चावली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत आहे की," ती म्हणाली. आपण खोटं का बोललो, ते तिचं तिलाच कळलं नाही.

परतताना ती स्वतःच्या घरावरून पुढे निघून गेली आणि कोपऱ्यावर गेल्यावर भानावर आली. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. विकलेलं मशीन जिन्यावरून खाली नेताना पुढची बाजू नवऱ्याने धरली होती. 'सावकाश, पाय सांभाळ,' असं तो तिलाच म्हणाला होता.

संध्याकाळी बाइंडर घरी आला. टेबलावरचं पाकीट त्याने पाहिलं. नखांतली खळ धुतली आणि खुर्चीवर बसला.

"कधी लागली?"

"अकरा महिने झाले."

"म्हणजे तिच्या डोळ्याच्या..."

"आधी. दोन महिने आधी."

'नंतर' म्हणेल, एवढीच तिची आशा होती.

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "आमच्या छापखान्यातल्या मशीनमनला लॉटरी लागली होती, आठवतं? मुलं कोर्टात गेली, बायको माहेरी. म्हटलं, वर्षभर कोणाला कळू द्यायचं नाही."

"आणि मशीन उचललंत तेव्हा?"

"ओठांवर आलं होतं. पण इतके दिवस का लपवलं, असं तू विचारलं असतंस. मग रोज जास्तच अवघड होत गेलं."

सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. खोटं तर तो आताही बोलला नव्हता. त्याने फक्त तोंड उघडलं नव्हतं. तिला रडू येईना की राग येईना.

"चला," ती म्हणाली. "तिला तुम्हीच सांगा. माझ्याने नाही होणार."

बहीण तिच्या भाड्याच्या खोलीत मटार सोलत बसली होती. त्याने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्याचं बोलणं संपेपर्यंत तिचे हात चालूच होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही मला रोज डबा आणायचात."

"हो."

"शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी सांगायचे, असा माणूस शोधून सापडायचा नाही." तिने हातातली शेंग ताटात ठेवली. "तुम्ही जा आता. ताईला राहू दे."

ताई नऊ दिवस तिथेच राहिली आणि दहाव्या दिवशी घरी परतली. निम्मी ठेव बहिणीच्या नावावर करा, एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं आणि त्याने ती केली. बहिणीने पैसे घेतले, आभार मानले नाहीत. दोन मोठ्या डॉक्टरांना डोळा दाखवून आली. दोघांनीही तेच सांगितलं, वेळ निघून गेली. मग तिने तळमजल्यावरचं एक घर घेतलं, कारण जिन्याच्या पायऱ्यांचा तिला अंदाज येत नसे.

बाइंडर अजून छापखान्यात जातो, ताई दुकानात. दर रविवारी दोघं बहिणीकडे जातात. तो आत आला की वळसा घालून तिला दिसेल अशा बाजूला उभा राहतो आणि मगच बोलतो. ती उत्तर देते, कामापुरतं.