गोऱ्ह्यांचं पाप कुणाच्या माथी

रामकिशनच्या हाताखालून न गेलेला बैल मुदखेडच्या आसपास शोधून सापडायचा नाही. गोऱ्हा वयात आला, मारका झाला की त्याला बडवावं लागतं, त्याशिवाय तो मानेवर जू घेत नाही. चौघांनी आडवा पाडून धरायचा अन् रामकिशननं दोन लाकडांत त्याचे अंड ठेचायचे. काम बापाकडून आलेलं. त्या वेळी मालकानं तोंड फिरवून उभं राहायचं, म्हणजे मालकाला पाप लागत नाही, अशी गावानं करून ठेवलेली सोय. सोयच म्हणायची, दुसरं काय! पाप कुणाच्या तरी माथी जायला पाहिजे, ते गेलं रामकिशनच्या.

त्याच्या वैजनाथचं लग्न झालं, दीपाली सून आली. पोरगी गुणाची. पण दोनदा दिवस राहिले अन् दोन्ही वेळा पोट पडलं. झालं, गावाला तोंड फुटलं. मुक्या जनावरांचा वंश बुडवला, आता ह्याचा कसा चालंल? हे बोलण्यात सगळ्यात पुढं शेषेराव, ज्याच्या दावणीचा एकेक बैल रामकिशननंच बडवलेला. रामकिशनला चीड यायची. पण त्याहून वाईट म्हणजे त्याला ते पटायचं.

रामकिशनची बायको रुक्मिणबाई त्याला घेऊन माहूरला गेली. रेणुकाईच्या पायरीवर त्यानं कान धरले, ह्यापुढं गोऱ्ह्याला हात लावणार नाही. घरी येऊन लाकडं पत्र्याखाली खोचून ठेवली. अन् दीपालीला परत दिवस राहिले. तिसरा गेला, चौथा गेला, पाचवा लागला. रुक्मिणबाई सुनेला घागर उचलू देईना. रामकिशन तर आपल्याच घरात पाय न वाजवता फिरायचा.

त्यातच शेषेराव दारात आला.

"तात्या, गोऱ्हा लई मारका झालाय. तेवढा बडवून द्या."

"न्हाई जमायचं. सून गरवार हाय. गोऱ्हा ढोराच्या डॉक्टरकडं न्या."

"डॉक्टर बदलून गेला, नवा आला न्हाई."

"मग येईपर्यंत थांबा," म्हणून रामकिशननं दार लोटून घेतलं. असं दार त्यानं जन्मात कुणाच्या तोंडावर लोटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दीपालीच्या पोटात कळा सुरू झाल्या. नांदेडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई भली होती. म्हणाली, पिशवीचं तोंड नाजूक आहे, कुणाचा दोष नाही, पुढच्या वेळी वेळेवर टाका घालू. वैजनाथ मान हलवत होता. रामकिशन भिंतीला टेकून खाली बसलेला.

"पण मी तर सोडलं होतं की," तो म्हणाला.

"काय सोडलं होतं, बाबा?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.



गावाकडं उत्तर तयारच होतं. आता सोडून काय उपयोग, मागचं फेडावंच लागतं. रामकिशन बाजेवर पडून आढ्याकडं बघायचा. केलं तरी जातं, न केलं तरी जातं. मग माणसानं करावं काय? रेणुकाईवर रागवायची त्याची छाती नव्हती, अन् गावावर रागावून जायचं कुठं?

दीपाली घरी आली अन् पाठोपाठ शेषेराव गोऱ्हा घेऊन हजर. सोबत धरायला चौघं.

"तात्या, आता घरात तसं काय न्हाई. अन् तुमचं जे व्हायचं ते तर होऊन बसलं. एका गोऱ्ह्यानं त्यात काय वाढणार हाय? माझ्या घरात नातवंडं हायत, ह्या मारक्याचं मला भ्या वाटतं."

बोलण्यात आकस नव्हता. शेजारी विळा मागावा तसं मागत होता बिचारा. रामकिशननं बायकोकडं बघितलं. रुक्मिणबाईनं खाली बघितलं. ओसरीवर बसलेली दीपाली उठून आत गेली. मग रामकिशननं पत्र्याखालची लाकडं काढली.

गोऱ्हा आडवा पडला. चौघांनी पाय धरले अन् माना वळवल्या. शेषेरावनं रिवाजाप्रमाणं तोंड फिरवलं, वर हातही जोडले. रामकिशनलाही तोंड फिरवायचं होतं. पण हे काम बघितल्याशिवाय होत नाही.