पॉलिशचा सातवा हात

पडदा वर जातो आणि दिसते सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घराची मागची गॅलरी. सकाळचं तिरपं ऊन, फरशीभर भुसा, व्हाइसमध्ये आवळलेली शिवणीच्या लाकडाची फळी. फळीवर एक डोळा मिटून वाकलेले दत्तूभाऊ गतीर, वय साठ. प्रवेश करते त्यांची मुलगी तृप्ती, हातात चहाचा कप.

“पप्पा, अजून किती घासणार? आजी काय मार्क देणार आहे का?”

“अर्धा मिलिमीटर हलतंय,” दत्तूभाऊ म्हणाले. चहावर साय धरली.

अंबडच्या एका फाउंड्रीत त्यांनी तेहेतीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात घडवायचा, वाळूत त्याचा साचा उठवायचा. थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच मुळात जराशी लांब असते. त्या पट्टीने घडवलेलं दत्तूभाऊंचं काम एकदाही परत आलं नव्हतं. हा त्यांचा मान होता आणि हाच रोगही.

आता ते ब्लूटूथ स्पीकर घडवत होते. आईसाठी.

आई, म्हणजे कुसाबाई, घोटीजवळच्या गावात राहायची. उजवा कान कधीचाच गेलेला, डावा जेमतेम. भादव्यात तिची थोरली बहीण भागीबाई वारली. दोघी एकाच गावात दिलेल्या, दोघींची शेतं बांधाला बांध लागून. दोन वर्षांपूर्वी भाताच्या आवणीत, रोपं लावताना, तृप्तीने भागीमावशीचं गाणं मोबाइलमध्ये घेतलं होतं. दीड मिनिटाचं. गाता गाता मावशी मध्येच ओरडते, “कुसे, डोळे फुटले का गं तुझे? रांग बघ, चालली वाकडी!” आणि पुन्हा सूर धरते.

दिवाळीत आईने तो मोबाइल डाव्या कानावर दाबून धरला होता.

“चिलट गुणगुणल्यावानी येतंय. भागीला जरा मोठ्यानं बोलवता येतं का रं? हा बी कान चाललाय माझा. जायच्या आत एकदा तिच्या शिव्या खाऊ दे.”

“आये, मी करून देतो,” दत्तूभाऊ म्हणाले. “पंधरा दिवसांत.”

“एम. जी. रोडला तयार मिळतो, पप्पा.”

“तो प्लास्टिकचा. माझ्या आईला प्लास्टिकचा?”

झालं. दुकानातून आला तो फक्त आतला स्पीकर, बॅटरी आणि ब्लूटूथची पट्टी. खोका मात्र आठवड्यातच उभा राहिला, वाजलाही खणखणीत. पण कडेला बारीक थरथर. दत्तूभाऊंनी मापं घेतली आणि कपाळावर हात मारला. तेहेतीस वर्षांची सवय; हात आपसूक फाउंड्रीच्या पट्टीकडे गेला होता. स्पीकरचं भोक मिलिमीटरभर मोठं पडलं होतं. लाकूड थोडंच आकसणार होतं! तृप्तीने रबराची चकती पुढे केली. ती लावली असती तर त्याच संध्याकाळी घोटीची गाडी धरता आली असती. दत्तूभाऊंनी खोका बाजूला सारला आणि नवी फळी काढली.

दुसरा खोका संक्रांतीला झाला. मग कोपरे गोल करणं आलं. मग पॉलिश: एक हात द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा दुसरा. रिकाम्या हाताने आईपुढे जायचं नाही, हा हट्ट. फोनवर मात्र रोज, “आये, झालंच बघ.”

माघ सरता सरता आई कशालाही एकच उत्तर देऊ लागली. “आये, जेवलीस का?” “बरी हाय मी. ये.” “थंडी आहे का गं?” “बरी हाय मी. ये.” गावात रेंज नसते, असं म्हणत त्यांनी सातवा हात दिला.

देखावा बदलतो. होळी झालेली. घोटीकडचं ते घर, सारवलेला ओटा, ओट्यावर पाठमोरी आई. तृप्तीसोबत आलेल्या दत्तूभाऊंनी हाक मारली. तिने मान वळवली नाही. पुन्हा मारली. शेजारची चिमणाबाई सूप ठेवून पुढे आली.

“महिना झाला, भाऊ. ताप आला नि कान घेऊन गेला. डागदर म्हणला, नस गेली. तुम्हाला कळवू देईना. म्हणं, दत्तूचं काम अर्धं राहील.”

दत्तूभाऊंनी खोका आईच्या मांडीवर ठेवला. तिने कडेवरून बोट फिरवलं, हसली. “आरशावानी केलंस रं.”

तृप्तीने बटण दाबलं. भागीमावशी ओटाभर झाली. अंगणातल्या कोंबड्या दचकून पळाल्या, चिमणाबाईने पदर तोंडाला लावला. आईने गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा तळवा खोक्यावर टेकला आणि लेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मला वाकडी म्हणली का?”

दत्तूभाऊंनी मान डोलावली. मग वाकून, तिच्या कानाशी काहीतरी ओरडून सांगू लागले. आईने खोक्यावरचा हात उचलला आणि त्यांच्या ओठांवर ठेवला.

“वाकडीच होती माझी रांग,” ती म्हणाली. “पर पाऊस हाय तवर लावून व्हायची.”