अक्काने पारखलेली जीप

अक्का कोणत्याही मोटारीत बसण्याआधी खाली वाकून तिच्या पोटाखाली पाहायची. पदर कमरेला खोचलेला, एक हात चाकावर, मान तिरकी. तेल गळते का, स्प्रिंगचा पाटा मोडला आहे का, हे तिला बघायचे असे. धाराशिवच्या मोटार अड्ड्यावर लोक तिला हसत. एकदा कंडक्टर म्हणाला, "आक्का, दूध काढायचंय का मोटारीचं?" अक्का सावकाश उभी राहिली आणि म्हणाली, "आटलीया तुजी. वैरण बघ जरा." मग तिकीट घेऊन ती मागच्या बाकावर जाऊन बसली. मी तिचा धाकटा भाऊ. त्या वेळी सोलापूरच्या एका दैनिकात नवा बातमीदार होतो आणि तिच्याबरोबर प्रवास करताना मला संकोच वाटत असे.

ही सवय तिला बाजारात लागली होती. आमचे वडील, आबा, लोहारा गावाकडे मेंढरे आणि बैल राखून होते. बैलाच्या बाजारात त्यांची एक रीत होती. घरात लहान मुले असलेल्या माणसाने बैल घ्यायचा, तर विकणाऱ्याने स्वतःचे लेकरू त्या बैलाच्या पोटाखालून या बाजूने त्या बाजूला काढून दाखवायचे. बैल मारका असेल तर बाप ते धाडस करणार नाही. काही बिलंदर शेजाऱ्याचे पोर उसने आणत. वडील आधी विचारत, "लेकरू कुनाचं?" आणि मगच बैलाच्या दातांकडे वळत. अक्का लग्नाआधी त्यांच्याबरोबर बाजारात जात असे. वडील बैल विकत तेव्हा कित्येकदा पोटाखालून काढलेले लेकरू तीच असे.

तिचे यजमान, आमचे दाजी, मातीकामाचे छोटे कंत्राटदार होते. हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती आणि जिल्ह्यात रस्त्यांची कामे निघू लागली होती. काम जिथे, तिथे झोपडी. संसार बैलगाडीतून हलायचा. अशाच एका कामावर त्यांच्या पहिल्या मुलीला ताप भरला. ती तीन वर्षांची होती. दवाखान्याच्या वाटेवर गाडी काळ्या रानात चाकाच्या आखापर्यंत रुतली. शेजारच्या गावातून दुसरी जोडी आणेपर्यंत मुलगी गेली. अक्का त्याबद्दल एकच वाक्य बोलत असे: "बैल चांगलं व्हतं, वाट वाईट व्हती." हे वाक्य ती रडत म्हणत नसे. शेताची हद्द सांगावी तसे सांगत असे.

त्यानंतर तिला मुलगा झाला, बाळू, आणि चार वर्षांनी धाकटी. दाजींना ईट गावाच्या पलीकडचे रस्त्याचे काम मिळाले. तिथे जायचे म्हणजे ओढे, खडक आणि पावसाळ्यात काळी माती. अक्काने सांगून टाकले, "बैलगाडीतनं माजी लेकरं जायची न्हाईत. गाडी घ्या, न्हायतर एकटं जा." दाजी एकटे जाणारे नव्हते, आणि पावसाआधी कामावर पोचले नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. म्हणून मोटारीचा शोध सुरू झाला.

पहिली मोटार एका माजी जहागीरदाराची होती. जहागिरी गेल्यावर ती फाटकात उभी होती. काळी, लांबलचक, आतून मखमली. दाजी मागच्या गादीवर बसून दोनदा वर-खाली झाले आणि खूश झाले. अक्काने जमिनीपासून मोटारीच्या तळापर्यंत वीत लावली.

"हिचं पोट भुईला लागतंय," ती म्हणाली. "गाभण म्हशीगत. पयल्या दगडावर बसंल."

जहागीरदारांचा दिवाणजी म्हणाला, "बाई, हिच्यात नवाबसाहेब बसलेले आहेत."

"बसले असत्याल. पर हिच्यातनं गेले कुटं?"

दुसरी मोटार म्हणजे एक जीप होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली, ताडपत्रीच्या छपराची. ती धाराशिवच्या एका वकीलसाहेबांची होती. कोर्टाचे कामकाज उर्दूतून मराठीत आल्यावर त्यांचा धंदा बसला होता आणि ते हैदराबादला निघाले होते. दाजी त्यांना पूर्वीपासून ओळखत. अक्काला न विचारता त्यांनी जाऊन शब्द दिला, सौद्याचा विडा उचलला आणि मग तिला गाडी दाखवायला नेले. मी बरोबर होतो.

वकीलसाहेबांच्या अंगणात दुपारची उन्हे होती. अक्काने जीपचे पोट पाहिले, चाके दाबली, आत चढून बाजूच्या रिकाम्या जागेतून हात बाहेर काढून बघितला. मूल तिथून सहज पडले असते. "इथं लोकंडी कडी बसवून घेऊ," ती दाजींना म्हणाली. दाजींचा जीव भांड्यात पडला. मग ती वकीलसाहेबांकडे वळली.

"ही डोंगर चढती म्हणं."

"चढते ना, बाई. मिलिटरीची चीज आहे."

"वढा उतरती का?"

"का नाही उतरणार?"

"मग तुमची पोरं हिच्यात बसवा, अन् मागल्या वढ्यातनं काढून दावा."

वकीलसाहेबांचे दोन मुलगे ओट्यावर उभे होते. दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "आगं, म्या शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिलाय. लेकरं म्या द्यायचीत."

वकीलसाहेब सभ्य गृहस्थ होते. ते हसले आणि मुलांना हाक मारली. मोठ्या मुलाने जीपच्या पायरीवर पाय ठेवलाही. तेवढ्यात दारातल्या पडद्याआडून आवाज आला, "नहीं. बच्चे नहीं जाते." आवाज त्यांच्या बेगमचा होता. पडद्याबाहेर एक हात आला आणि दोन्ही मुलगे आत ओढले गेले. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी समोरचे पानाचे तबक थोडे सरळ केले. अक्काने पदर डोक्यावर घेतला, नमस्कार केला आणि ती फाटकाकडे चालू लागली.

वाटेत दाजींनी तोंड उघडले. "मुसलमानाचा इस्वास धरला न्हाय म्हनतील लोक. दिवस कसले चाललेत ठावं न्हाय व्हय तुला?"

"आमच्या आबानं पाटलाच्या बैलालाबी हेच केलं व्हतं."

"त्यो बैल व्हता!"

"बैलाला डोळं तरी असत्यात."

दाजी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढचे काही दिवस नवरा-बायकोत बोलणे नव्हते. अक्का मुलांचे करत होती, भाकरी वाढत होती, पण माघार घेत नव्हती. मृगाला थोडे दिवस उरले होते. कामाच्या साहेबांचा दोनदा निरोप आला. दाजी मला म्हणाले, "तुजी भैन मला भिकंला लावनार." मीही तेव्हा दाजींच्या बाजूचा होतो.

एका दुपारी दारात पडदा लावलेला टांगा थांबला. वकीलसाहेबांची बेगम उतरली. बुरख्यातली, ठेंगणी बाई. तिने चहा नको म्हटले आणि सरळ अक्काच्या समोर जमिनीवर बसली.

"बाई, गाडी में ऐब नहीं," ती म्हणाली. "मेरा छोटा भाई नाले में बह गया. मेरे सामने. तब से मैं बच्चों कू पानी के नजदीक नहीं जाने देती. मेरे साहब कू लोग झूठा बोल रहे, वो मेरे से बर्दाश्त नहीं होता."

अक्का तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "माजी लेक चिखलात गेली."

मग बेगम म्हणाली, "तो मैं बैठती गाडी में. बच्चे नहीं. मैं."

"व्हय," अक्का म्हणाली. "पोरं नगंत. आपुन दोगीच बसू."

त्याच संध्याकाळी वकीलसाहेबांनी जीप ओढ्यात घातली. मागे या दोघी. दाजी आणि मी काठावर. वळवाच्या पावसाने ओढ्याला पाणी होते, चाकाच्या निम्म्यापर्यंत. जीप खाली उतरली, मध्ये एका दगडावर कलली, सावरली आणि पलीकडच्या चढाला लागली. परत आल्यावर अक्काच्या मनगटातून रक्त येत होते. बेगमने डोळे मिटून तिचा हात इतका घट्ट धरला होता की दोन बांगड्या पिचल्या होत्या. अक्काने रक्ताकडे पाहिले नाही. ती खाली वाकली, जीपचे ओले पोट बघितले आणि दाजींना म्हणाली, "द्या आता शब्द."

जीप घेतली. लोहाराकडून दोन्ही बाजूंना कड्या बसवल्या. मुलांना जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्या कड्यांना सैलसर बांधण्याची पद्धत अक्काचीच. चालत्या गाडीत ती त्यांना खाऊ देत नसे, कारण घास अडकला तर धक्क्यात कळत नाही. आणि एवढी पारख करून घेतलेल्या गाडीतून ती पाणी कधी ओलांडत नसे. ओढा आला की गाडी थांबवायची. धाकटी कडेवर, बाळूचे बोट धरलेले, पायाने पाण्याचा अंदाज घेत ती चालत पलीकडे जायची. रिकामी जीप मागून यायची. दाजी दर वेळी म्हणत, "मग गाडी घेतली कशाला?" तिचे उत्तर ठरलेले होते: "गाडी गेली तर दुसरी मिळंल."

दुसऱ्या पावसाळ्यात मी रस्त्याच्या कामाची हकीकत लिहायला ईटला गेलो होतो. त्याच मुक्कामात बाळूचा गळा सुजला. सकाळी तो बोलत होता. दुपारपर्यंत त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. गावातल्या वैद्यांनी हात टेकले. "मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता," ते म्हणाले. आम्ही निघालो. दाजी चालवत होते, मी शेजारी, मागे अक्का आणि दोन्ही मुले.

वाटेतला ओढा दाजींच्याच रस्त्यावर होता. त्याच्यावरच्या पुलाचे कंत्राट दुसऱ्याकडे होते आणि काम सुरू व्हायचे होते. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पाणी गढूळ होते आणि नेहमीचे दगड दिसत नव्हते. दाजींनी जीप थांबवून पुढचे झाकण उघडले आणि पंख्याचा पट्टा काढला. पंख्याने पाणी उडवले तर इंजिन भिजून बंद पडते. अक्का सवयीने धाकटीला घेऊन उतरली. पाण्यात दोन पावले गेली. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर आले, तशी ती थांबली. तिने बाळूकडे पाहिले. तो चालू शकत नव्हता आणि दोघांना उचलून या पाण्यातून जाणे शक्य नव्हते.

"थांबू या का?" दाजी म्हणाले. "उतरंल पानी तासाभरात."

बाळूचा श्वास ऐकू येत होता. अक्का परत आली, गाडीत चढली. बाळूची पट्टी तिने सोडली. धाकटीला पट्टी बांधलीच नाही. गाडी कलंडली तर बांधलेले मूल तिच्याबरोबर जाते.

"चला," ती म्हणाली.

जीप पाण्यात उतरली. पाणी पायाखालच्या फळीवर आले. मध्यावर मागचे चाक कशात तरी अडकले आणि गाडी थांबली. इंजिन चालू होते, पण गाडी हलत नव्हती. पाण्याच्या जोराने ती बाजूला सरकते आहे हे मला कळले. मी मागे वळून पाहिले नाही. दाजींनी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, एकदा मागे घेतली, पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी चाक सुटले. आम्ही पलीकडे आलो तेव्हा दाजींनी गाडीचा वेग कमी केला. मागून अक्का म्हणाली, "थांबू नगा."

डॉक्टरांनी बाळूला सुई दिली, नळीने श्वास दिला. रात्रीत उतार पडला. मूल वाचले. त्या आठवड्यात मी रस्त्याच्या कामाची बातमी लिहिली. तिच्यात हे काही नव्हते.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, दाजी गेल्यावर, मी अक्काला विचारले. ती लोहाऱ्याच्या घरी ज्वारी पाखडत होती.

"ओढ्यात मध्येच जीप थांबली, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?"

ती सुपावरची नजर न काढता म्हणाली, "एक हात कडीला लागतोय. मग एकच हात उरतो."

"मग?"

"मग काय? एकच लेकरू धरता येतंय."

"ठरवलं होतंस?"

"ठरवलं."

कोण, ते ती बोलली नाही. बातमीदार म्हणून पुढचा प्रश्न विचारण्याचे शिक्षण मला मिळालेले होते. मी तो विचारला नाही.

अक्का गेली तेव्हा दोन्ही मुले जवळ होती. बाळू बाहेर माणसांत बसला होता. धाकटी, आता स्वतः दोन मुलांची आई, आत माझ्याजवळ येऊन बसली. रडून झाले होते.

"मामा," ती म्हणाली, "बाळूनं आईचा लई मार खाल्ला. मला तिनं जन्मात बोट लावलं न्हाय. माज्या सासरी यायची, काम काय नसायचं, नुसती माज्याकडं बघत बसायची. निघताना माजाच हात धरून म्हणायची, 'रागावली न्हाईस न्हवं?' कशाबद्दल, ते कधी सांगितलं न्हाय. तुमाला ठावं हाय का?"

मी म्हणालो, "तू धाकटी होतीस, म्हणून."