मामाची रोमन बाटली कोरडी राहत नाही

आधीच सांगतो, मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, आणि आज बुलढाण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... असल्या गोष्टींवरून मी नातेवाइकांशी इतका भांडलोय की लग्नकार्यात मला लोक जपूनच बोलावतात. त्यामुळे हे लिहिताना मला काही मजा येत नाहीये. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

माझे मामा इथून जवळच्या उंद्री गावात राहायचे. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी मुंबईच्या एका लिलावातून प्राचीन रोमन काचेची बाटली घेतली — रीतसर, नोंदणीच्या कागदांसकट. वीतभरही नाही. फुंकून केलेली, पोट गोल, मान बारीक. काच हिरवट, पण उन्हात धरली की अंगावर मोरपिसासारखे रंग. त्या काळी असल्या बाटल्यांत सुगंधी तेल ठेवायचे म्हणे. मामी म्हणायची, एवढ्यात म्हैस आली असती, दूध तरी देल्लं असतं.

गेल्या वर्षी मामा गेले. मामी एकटी पडली. मग बाथरूममध्ये घसरली, शेजारणीनं उचललं. अकोल्याची सुमन — मामांची मुलगी — आईला कायमची न्यायला तयार होती, पण मामी हलेना. हजार कारणं. शेवटी म्हणाली, ह्यायच्या बाटलीची सोय लाव, मंग जाते. शिकलेला मी, म्हणून काम माझ्या गळ्यात.

संग्राहकांच्या एका ग्रुपवर मी फोटो टाकले. उंची, वजन, कागदपत्रं, सगळं व्यवस्थित. पुण्याचे एक सर लगेच तयार झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन... बाटलीत पाणी कशाला भरलंय? मी फोटो मोठा करून पाहिला. तळाशी चमचा-दोन चमचे पाणी, स्पष्ट दिसत होतं. सरांनी मला चांगलं झापलं. त्या रंगांचा थर नाजूक असतो, पाण्यानं पापुद्रे सुटतात, एवढं कळत नाही का वगैरे. मी माफी मागितली, उंद्रीला जाऊन बाटली पालथी घालून वाळवली, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद करून मामीकडे ठेवली.

पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन डबा उघडला. तळाशी पाणी. पुड्या कोरड्या ठणठणीत.

मी सरळ मामीवर घसरलो. ती भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"मी नाई टाकत रे बाप्पा. हे गेले तवा दहा दिवस दिव्यापाशी पाणी ठेवाचं होतं. पितळेचा पेला ठेवाचा तं म्या हेच ठेवली. म्हटलं, ह्यायच्या आवडीची हाय. दहाव्याले पाणी ओतून देल्लं, पुसून ठेवली. तवापासून आपलीआपणच भरते."

"अन् तू मले सांगितलं काऊन नाही?"

"तू भांडला असता."

मग खरं कारण बाहेर आलं. म्हणाली, "मी अकोल्याले गेली अन् हे इथं पाण्याले आले तं? दाराले कुलूप पाहून परत जातीन बिचारे."

म्हणजे हे! या एका बाटलीपायी बाई मोडक्या बाथरूमच्या घरात एकटी राहायला तयार. मी ठरवलं, हिच्या डोक्यातून हे काढायचंच. बाटली बुलढाण्याला नेली. आमच्या लॅबमध्ये ओल शोषून घेणारं झाकणाचं जाड काचेचं भांडं असतं, त्यात पूर्ण वाळवून ठेवली. भांडं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मामीला सांगितलं, मामा येत असतील तर उंद्रीला येतील, माझ्या कपाटात थोडेच येतील!

सोमवारी कपाट उघडलं... पाणी.

आता तुम्ही म्हणाल, हवेतली वाफ थंड काचेवर जमली असेल. मला काय वाटलं नसेल? पण वाफेचं पाणी डिस्टिल्ड वॉटरसारखं असतं, त्यात क्षार नसतात. मी ते पाणी परीक्षानळीत घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दुधासारखं पांढरं झालं, म्हणजे क्षार आहेत. आपल्याकडे बोअरचं प्यायचं पाणी असतं तसं, जरा खारं. हवेतून बोअरचं पाणी येत नाही हो! नळी धुऊन पुन्हा केलं. तेच.

मामीला खोटं सांगायचं मनात आलं होतं. नाही जमलं. उंद्रीला गेलो, बाटली तिच्यापुढे ठेवली आणि झालं ते सांगितलं. तिनं बाटली उजेडात धरून पाहिली.

"म्हंजे बुलढाण्यातही?"

"हो."

"तुह्या कुलपातही?"

"हो ना मामी."

"मंग घराचं काई नाई," म्हणाली, आणि उठून कपाटातल्या साड्या काढायला लागली. "सुमनले फोन लाव. अन् बाटली इकू नको आता. ते मह्यासंगं येते."

मी तिला खोटं पाडायला निघालो होतो. वर्षभर सगळं घर विनवण्या करून थकलं, आणि ती माझ्या प्रयोगानं गेली! आनंद मानू की कपाळ बडवू?

पुण्याच्या सरांना विक्री रद्द झाल्याचं कळवलं. त्यांनी ग्रुपवर जाहीर लिहिलं की हा माणूस फुकट वेळ घालवतो.

काचेत भेग नाही, कुणाकडे दुसरी किल्ली नाही, कपाटाच्या आसपास नळ नाही. सगळं तपासलंय. कुणाकडे उत्तर असेल तर द्या, फक्त ते वाफेचं पुन्हा सांगू नका.

परवा सकाळीच सुमनचा फोन आला. आई मजेत आहे, नातवंडांत रमलीय. मग आवाज बारीक करून म्हणाली, "दादा, हे आईची बाटली... काल म्या सोता पुसून ठेवली होती रे."

मी म्हटलं, पुन्हा पूस. आणि फोन ठेवला.