दोन पेट्या सारख्या कधी?

सकाळी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. धाकट्या जावेचा होता. "ताई, ह्यांना..." एवढंच. सुधीरभावजी, माझे धाकटे दीर, ऑफिसात पोचून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. पंचेचाळीसही पुरी नव्हती हो. आता महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, फार टेन्शन घ्यायचे. घ्यायचेच. पण ते टेन्शन त्यांच्या अंगात शिरलं त्या दुपारी मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून हे लिहितेय.

त्यांचं घर वेगळं, पण ऑफिसबाहेरच्या कामाचा त्यांचा कॉम्प्युटर आमच्या वाशीच्या घरी असायचा, आतल्या खोलीत. जासईकडच्या एका कंटेनर यार्डासाठी ते प्रोग्राम लिहीत होते, कुठली पेटी, म्हणजे कंटेनर, कुठल्या रांगेत ठेवली त्याची नोंद ठेवणारा. माझी शाळा सातवीला सुटली, पण शेजारी बसून बसून मी बटणं शिकले आणि भावजींनी मला तपासायला बसवलं. "वहिनी, शिकलेली माणसं मी सांगतो तीच बटणं दाबतात. तुम्ही वाटेल ते दाबता." मी म्हटलं, "म्हणजे अडाणी म्हणा ना सरळ!" "अडाणी नाही हो, धोकादायक!" असे हसायचे तेव्हा...

त्यांनी मला समजावलं होतं ते माझ्या भाषेत सांगते. 'ही पेटी त्या रांगेत हलव' असा हुकूम दिला की प्रोग्राम त्याची चिठ्ठी करतो. चिठ्ठीत काय केलं ते असतं आणि ते उलटं कसं फिरवायचं तेही. चिठ्ठ्या एकावर एक रचल्या जातात. 'मागे घ्या' दाबलं की वरची चिठ्ठी उलटी फिरते. आता माणूस घाईत तेच बटण दोनदा दाबतो, म्हणून नवी चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीसारखीच असली तर प्रोग्राम ती टाकून द्यायचा. सगळी गोम त्या 'सारखी'त होती.

त्या दिवशी मला खोटे नंबर सुचेनात. कंटेनरचा नंबर लांबलचक, आधी अक्षरं, मग आकडे. कंटाळून मी दुसऱ्या पेटीची अक्षरं बदलली आणि शेवटचे चार आकडे तेच ठेवले. दोन्ही पेट्या बाराव्या रांगेत हलवल्या आणि एकदा 'मागे घ्या' दाबलं. दुसरी परत जायला हवी होती. गेली पहिली! दुसरी तर हललीच नव्हती. भावजींना हाक मारली. त्यांनी दोन्ही नंबर पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाले, "यार्डात सगळे पेटीला शेवटच्या चार आकड्यांनीच हाक मारतात. मीही तेवढेच ताडून बघितले... वहिनी, आठ दिवस झाले तिथे हा प्रोग्राम चालू आहे."

बाराव्या रांगेशेजारी त्या आठवड्यात वेल्डिंग चालणार होतं. रांगेत पेट घेणारा माल नाही ना, हे स्क्रीनवर बघूनच यार्डातले लोक ते काम सुरू करायचे. यार्डाचा फोन लागेना. भावजींनी स्कूटर काढली आणि मी मागे बसले, का ते मलाही सांगता येणार नाही. त्यांच्या शर्टाला धरलेला माझा हात घामाने ओला झाला, घाम माझा की त्यांचा कोण जाणे.

मुकादम गेटवरच भेटले. पेट घेणारी थिनरची पेटी कुठे आहे, भावजींनी विचारलं. "थिनरची पेटी? चौऱ्याऐंशी बारा ना? ती बारा नंबरला हाय, क्रेनवाल्याला मीच बोल्लो ठेव म्हनून." भावजींनी विचारलं, "आणि याच आकड्यांची आणखी कुठली पेटी?" "कपड्यांची हाय ना, तीपन चौऱ्याऐंशी बारा. दोनी शेजारी हायेत. का ओ साहेब, काय झाला?" स्क्रीनवर थिनर पार टोकाच्या रांगेत दिसत होतं. वेल्डर मात्र बाराव्या रांगेच्या सावलीत डबा खात बसला होता, काळी काच शेजारी ठेवून. जेवण झालं की पेटवणार होता. भावजी तिथेच मातीत बसले. वेल्डरने विचारलं, "साहेब, भाकर खाता का?" आणि हे पुरुषमाणूस ओक्साबोक्शी रडायला लागलं.

वेल्डिंग थांबवलं, कुणाला काही झालं नाही. चूक त्याच संध्याकाळी सुधारली. पण भीती गेली नाही. त्यानंतर प्रोग्रामला हात लावण्याआधी ते सारखेपणाची तपासणी लिहायचे: चिठ्ठी स्वतःसारखी आहे ना, ही तिच्यासारखी तर तीही हिच्यासारखी ना, एकेक गोष्ट बदलली की वेगळी ठरते ना, उलटी फिरवून पुन्हा सुलटी केली तरी तीच राहते ना. जेवताना घास थांबवून विचारायचे, "वहिनी, रांग बदलून बघितलीत?" बघितली हो, म्हणायची मी, चिडून. आता वाटतं, चिडायला नको होतं...

गेल्या आठवड्यात त्यांच्या जागी आलेल्या प्रोग्रामर बाईंचा फोन आला. "काकू, त्या सारखेपणाच्या तपासण्या काढून टाकू का? सगळ्या पास होतात, उगाच वेळ जातो." मी म्हटलं, "घरी या." आल्या. त्यांना भावजींच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, ताडून बघायच्या ओळीतून अक्षरं काढा, फक्त चार आकडे ठेवा. आता एक पेटी कपड्यांची घ्या, एक थिनरची, शेवटचे आकडे तेच. मग मी त्यांना त्या वेल्डरचं सांगितलं, त्याच्या डब्याचं, त्याने पुढे केलेल्या भाकरीचं. त्यांनी नंबर टाकले, रांग टाकली, आणि बोट 'हलव'च्या बटणावर तसंच अधांतरी राहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही काकू... भीती वाटली."

"हं," मी म्हटलं. "आता दाबा."